ड्रम धुतलेलं पाणी

तस्लीम बुबेरेचं काम काँक्रीटचे ठोकळे फोडण्याचं होतं. कर्जतहून खोपोलीकडे जाताना रस्ता सोडून डोंगराच्या अंगाला वळलं की एका मोठ्या बांधकाम कंपनीचा काँक्रीट बनवणारा प्लांट लागतो. तिथं तयार झालेल्या मालाचे वीतभर ठोकळे पाडायचे, पाण्याच्या टाकीत बुडवून ठेवायचे, सातव्या दिवशी आणि अठ्ठाविसाव्या दिवशी यंत्राखाली धरून फोडायचे आणि कितव्या टनाला फुटले ते लिहायचं. या ठोकळ्यांना सगळे क्यूबच म्हणतात. क्यूब वेळेआधी फुटला तर तो माल ज्या भिंतीत गेला ती भिंत संशयात. त्यामुळे प्लांटवर तस्लीमच्या शब्दाला वजन होतं, पण ते क्यूबपुरतं.

ती दहिवलीची. वडील साजगावच्या एका कारखान्यात फिटर होते. त्यांनी चार मुलींपैकी हिलाच पनवेलला सिव्हिलच्या डिप्लोमाला घातलं, कारण हिला गणित येत होतं आणि ही कोणाला घाबरत नव्हती, असं ते सांगत. २००५ साली ती या कंपनीत लागली तेव्हा बावीस वर्षांची होती. आधी पुलांवर, मग उड्डाणपुलांवर काम केलं. लग्न झालं ते खलीलशी. त्याची दहिवलीतच बेकरी आहे. २०१७ मध्ये डोंगरातल्या बोगद्याचं काम निघालं आणि त्यासाठी हा प्लांट उभा राहिला, तेव्हा घराजवळची बदली म्हणून तिनं तो मागून घेतला. सकाळी आठला स्कूटरवरून यायचं, संध्याकाळी सहाला परत. घरी सासू अमिरुन्निसा आणि दोन मुलं. तक्रार करावी असं काही तिच्या आयुष्यात नव्हतं.

काँक्रीट वाहून नेणाऱ्या गाड्यांच्या पाठीवर तो मोठा फिरता ड्रम असतो. प्रत्येक खेपेनंतर तो आतून धुवावा लागतो, नाहीतर उरलेलं काँक्रीट आत दगड होऊन बसतं. दिवसाला चाळीस-पन्नास खेपा. ते धुतलेलं राखाडी पाणी प्लांटच्या मागच्या चरातून डोंगरउतारावर जायचं आणि तिथून ओहोळात. ओहोळाच्या काठी, वीस मिनिटं खाली, ठाकर आदिवासींची चिंचवाडी. पस्तीस घरं. त्यातली बाराएक माणसं प्लांटवरच रोजंदारीला होती. त्यातला पोशा ड्रम धुण्याच्या कामावर.

हे सगळ्यांना माहीत होतं. चर लपवून काढलेला नव्हता.

२०१९ च्या एप्रिलमध्ये पोशाची भावजय आवडी प्रयोगशाळेच्या दारात येऊन उभी राहिली. तिशीची, काटक बाई. हातात सरबताच्या बाटलीत भरलेलं पाणी. पोशाचं नाव सांगितलं म्हणून पहारेकऱ्यानं सोडली होती. तिनं बाटली यंत्राशेजारच्या टेबलावर ठेवली.

"बाय, तुमी पानी तपासता म्हनं," ती म्हणाली. "ह्ये आमच्या डवऱ्यातलं हाय. जरा बगा."

उन्हाळ्यात ओहोळ आटला की वाडीतल्या बाया पात्रातल्या वाळूत हातभर खड्डा खणतात. त्यात वाळूतून गाळून पाणी साचतं. त्याला डवरा म्हणतात. आवडीनं सांगितलं की दोन वर्षं झाली, डवऱ्याच्या पाण्यावर पांढरी साय धरते. भात शिजवला की पिवळा पडतो. भांडी घासणाऱ्या बायांच्या हातांना भेगा गेल्यात. मुठे, म्हणजे ओहोळातले खेकडे, तर पात्रात दिसतच नाहीत, आणि पूर्वी पोरं टोपलीभर मुठे पकडायची.

तस्लीमनं रंग बदलणाऱ्या कागदाची पट्टी बाटलीत बुडवली. पट्टी गडद जांभळी झाली. तक्त्यावर तो रंग जवळजवळ शेवटच्या घरात होता. चुन्याच्या निवळीची जी जात, ती या पाण्याची. खरं तर पट्टी बुडवायच्या आधीच तिला ते कळलं होतं.

प्लांटचे व्यवस्थापक जगदीश लाड तेव्हा दारात येऊन उभे राहिले होते. त्यांनी आवाज न चढवता सांगितलं की बाहेरचे नमुने तपासणं आपल्या प्रयोगशाळेचं काम नाही. एवढंच. धमकी नाही, इशारा नाही. ते गेले. आवडी तस्लीमच्या तोंडाकडे बघत उभी होती.

तस्लीम म्हणाली, "उन्हाळ्यात पाणी आटलं की असं होतं. उकळून वापरा."

आवडीनं मान हलवली, बाटली उचलली आणि गेली. तस्लीमनं ती नोंद कुठंच केली नाही. उकळल्यानं त्या पाण्याचं काही होत नाही, हे तिला डिप्लोमाच्या पहिल्या वर्षापासून ठाऊक होतं.

महिन्याभरानं पोशा सहज बोलता बोलता म्हणाला की वाडीतल्या बाया हल्ली सगळं पाणी उकळतात, सरपण दुप्पट लागतं, रानात लांब जावं लागतं. तस्लीमनं ते ऐकलं आणि हातातलं काम चालू ठेवलं. त्या रात्री जेवताना खलीलनं तिला काय झालं म्हणून विचारलं, तर ती म्हणाली, डोकं दुखतंय. दुसऱ्या दिवशी वाडीला खरं काय ते कळवावं, असं तिच्या मनात आलं. मग त्याच्या पुढच्या दिवशीही आलं. मग येईनासं झालं.

चार वर्षं गेली.

२०२३ च्या सुरुवातीला कंपनीला एक मोठं काम मिळायची शक्यता निर्माण झाली. त्यासाठी कर्ज देणाऱ्या संस्थेची अट होती की कंपनीचं स्वतःचं लेखी पर्यावरण धोरण असलं पाहिजे. कंपनीकडे असं काही नव्हतं. बेलापूरच्या मुख्य कार्यालयानं पुण्याची एक सल्लागार बाई नेमली आणि प्रत्येक साइटवरून एक माणूस समितीवर पाठवायला सांगितलं. लाडांनी तस्लीमला पाठवलं. तिचं अक्षर चांगलं होतं, आणि त्या आठवड्यात फोडायचे क्यूब कमी होते. याहून दुसरं कारण नव्हतं.

पहिल्या बैठकीत सल्लागार बाईंनी मसुदा पडद्यावर दाखवला. चव्वेचाळीस पानं. कंपनी निसर्गाप्रती कटिबद्ध आहे, कंपनी भावी पिढ्यांचा विचार करते, असं बरंच होतं. अकरा साइटवरचे अकरा जण माना डोलवत होते. सव्विसाव्या पानावर किनाऱ्यावर अंडी घालायला येणाऱ्या कासवांना त्रास होऊ नये म्हणून रात्री दिवे मंद ठेवावेत, असं कलम आलं.

तस्लीमनं हात वर करून विचारलं, "आपली कुठली साइट समुद्रावर आहे?"

एकही नव्हती. मसुदा कुठल्याशा बंदराच्या कामासाठी केलेल्या जुन्या धोरणावरून उतरवला होता. लोक हसले. सल्लागार बाईंचा चेहरा उतरला, पण बाई प्रामाणिक होत्या. त्यांनी लॅपटॉप मिटला आणि म्हणाल्या की मग आपण उलट्या बाजूनं सुरुवात करू. प्रत्येकाला त्यांनी एक कोरा कागद दिला आणि तीन प्रश्न लिहून घ्यायला लावले. तुमच्या जागेतून काय बाहेर पडतं, ते कुठं जातं आणि तिथं कोण राहतं. पुढच्या महिन्यात उत्तरं घेऊन या, म्हणाल्या.

पहिल्या दोन प्रश्नांची उत्तरं तस्लीमनं परतीच्या वाटेवरच लिहिली. तिसऱ्याशी ती अडली. चिंचवाडीत पस्तीस घरं आहेत एवढं तिला पोशाकडून माहीत होतं. सहा वर्षांत ती स्वतः तिथं एकदाही गेली नव्हती.

एका दुपारी ती प्लांटच्या मागच्या बाजूनं चराकाठानं खाली उतरली. उतारावरच्या दगडांवर चुन्याची खपली धरली होती. काही ठिकाणी ती इतकी जाड होती की मूळचा काळा दगड दिसत नव्हता. ओहोळाच्या पात्रात पाचसहा डवरे होते, पण त्यांवर फक्त कपडे धुणाऱ्या बाया. त्यांच्यात आवडी होती. तिनं तस्लीमला ओळखलं. कपडे बाजूला ठेवले आणि दगडावर बसायला जागा करून दिली.

तस्लीम उभीच राहिली. आपण कशासाठी आलोय ते तिनं सांगितलं. कंपनी एक कागद करतेय, त्यात या पाण्याबद्दल लिहायचंय. मग थांबून म्हणाली, "तू बाटली घेऊन आली होतीस तेव्हा मी तुला खोटं सांगितलं. पाणी आमच्यामुळंच खराब झालंय. ते मला तेव्हाच दिसलं होतं."

आवडीनं ओले हात लुगड्याला पुसले.

"उकळून काय व्हत नाय?" तिनं विचारलं.

"नाही."

"दोन उन्हाळं उकळलं आमी."

बाकीच्या बायांचे हात थांबले होते. आवडीनं पुढं सांगितलं की तिसऱ्या उन्हाळ्यापासून त्यांनी नादच सोडला. प्यायचं पाणी आता वरच्या कड्याखालच्या झऱ्यावरून आणतात, जायला-यायला दीड तास लागतो. तिनं हे रागानं सांगितलं नाही, तस्लीमला बरं वाटावं म्हणूनही सांगितलं नाही. माफी मागायचे शब्द तिनं वाटेत जुळवले होते, ते तिथं थिटे वाटले.

"आता काय करनार त्ये सांग," आवडी म्हणाली.

तस्लीमनं बरोबर आणलेल्या बाटल्यांमध्ये चार ठिकाणचं पाणी भरून घेतलं. या वेळी प्रत्येक पट्टीचा आकडा तिनं बायांसमोर मोठ्यानं सांगितला आणि कुठला आकडा चांगल्या पाण्याचा असतो तेही सांगितलं. घरांची, माणसांची, गुरांची गणती केली. वर चढायला तिला अर्धा तास लागला.

बेलापूरच्या दुसऱ्या बैठकीला कंपनीचे एक संचालक स्वतः आले होते. एकेक साइट आपापला कागद वाचत होती. बहुतेकांनी धूळ, आवाज, तोडलेली झाडं असं लिहिलं होतं, आणि तिसऱ्या प्रश्नापुढं 'जवळपास वस्ती नाही'. तस्लीमची पाळी आली तेव्हा तिनं आकडे वाचले. मग २०१९ ची गोष्ट सांगितली. बाटली, पट्टी, आणि आपण दिलेलं उत्तर.

संचालकांनी विचारलं, असं सांगायला तुम्हाला कोणी सांगितलं होतं?

लाडांचं नाव तिच्या तोंडाशी आलं असणार. पण ती म्हणाली, "खोटं बोल, असं मला कोणी सांगितलं नव्हतं. मला त्रास नको होता, म्हणून मी बोलले."

मग तिला काय हवंय ते त्यांनी विचारलं. तिनं दोन ओळी लिहून नेल्या होत्या, त्या वाचल्या: 'कोणत्याही प्लांटमधलं धुण्याचं पाणी आवाराबाहेर जाणार नाही. गेलं, तर ते थांबेपर्यंत प्लांट बंद राहील.'

पुढचे दीड तास या दोन ओळींवर गेले. कायदा बघणाऱ्या अधिकाऱ्याला पहिल्या ओळीत 'शक्य तितकं' हे शब्द घालायचे होते आणि दुसरी ओळ काढूनच टाकायची होती. त्याचं म्हणणं अगदीच चुकीचं नव्हतं. आपणच आपल्या हातानं असं लिहून दिलं तर उद्या कोणीही तो कागद पुढं करील, असं तो म्हणत होता. सल्लागार बाई म्हणाल्या की कागद पुढं करता येणार नसेल तर करायचाच कशाला. संचालक दोन्हीकडचं ऐकत होते. शेवटी त्यांनी तस्लीमला सांगितलं की हे होऊ शकतं असं तुमच्याच प्लांटवर आधी करून दाखवा. तीन महिने देतो.

लाडांना हे फोनवरून कळलं. दुसऱ्या दिवशी ते तिच्याशी दिवसभर बोलले नाहीत. संध्याकाळी प्रयोगशाळेत येऊन खुर्ची ओढून बसले. ते वाईट गृहस्थ नव्हते. बोगद्याचं काम आठ महिने मागं होतं, रोज सकाळी बेलापूरहून किती माल गेला हे विचारणारा फोन त्यांनाच यायचा. ते म्हणाले, तुम्ही मला आधी विचारायला हवं होतं. तस्लीम म्हणाली की विचारलं असतं तर तुम्ही नाही म्हणाला असता. दोन दिवसांनी त्यांनीच जेसीबी मिळवून दिला.

चर जिथून आवाराबाहेर जायचा तिथं एकापुढं एक तीन टाक्या बांधल्या. पहिल्या टाकीत खडी आणि रेती बसायची, दुसरीत सिमेंटचा गाळ, तिसरीत निवळलेलं पाणी. ते दिसायला स्वच्छ, पण जात तीच जांभळ्या पट्टीची. ते सोडायचं नाही तर करायचं काय? तस्लीमचं म्हणणं होतं की ते परत ड्रम धुवायला वापरू आणि उरलेलं काँक्रीटमध्येच घालू. इथं लाडांनी पाय रोवला. असल्या पाण्यानं माल कमजोर झाला तर बोगद्याच्या आतल्या काँक्रीटच्या अस्तराला भेगा जातील, मग तुमचं धोरण काय चाटायचंय, असं ते म्हणाले.

हा मात्र तिच्या हातातला प्रश्न होता. तिनं नेहमीच्या पाण्याचे सहा क्यूब पाडले आणि टाकीतल्या पाण्याचे सहा. नियम असा आहे की शंकेच्या पाण्याचे क्यूब चांगल्या पाण्याच्या क्यूबच्या निदान नव्वद टक्के ताकदीचे निघाले तर ते पाणी चालतं. सात दिवसांनी निम्मे फोडले, ठीक निघाले. अठ्ठाविसाव्या दिवशी उरलेले फोडायच्या वेळी तिनं लाडांना बोलावून यंत्राच्या काट्यापुढं बसवलं. ती क्यूब ठेवत गेली, ते काटा वाचत गेले. सहाही आकडे त्यांनी स्वतःच्या हातानं लिहिले आणि स्वतःच हिशेब केला. चौऱ्याण्णव टक्के. ते उठले आणि दुसऱ्या दिवसापासून टाकीतलं पाणी मालाला लागू लागलं.

डिसेंबरमध्ये धोरणावर सही झाली. चव्वेचाळीस पानांची दोन पानं झाली होती, मराठीत आणि इंग्रजीत, एकूण सात कलमं. चौथं कलम तस्लीमच्या दोन ओळींचं, त्यात 'शक्य तितकं' नव्हतं. सहाव्या कलमात मात्र ती हरली. आजूबाजूच्या गावातल्या कोणीही पाणी आणलं तर ते त्याच्यासमोर तपासून आकडा तिथल्या तिथं सांगायचा, असं तिनं लिहिलं होतं. त्याचं 'लेखी अर्ज केल्यास पंधरा दिवसांत कळवलं जाईल' असं झालं. चिंचवाडीत लेखी अर्ज करू शकतील अशा बाया दोन. तिनं याला विरोध केला, पण फार नाही. चौथं कलम हातचं जाईल अशी तिला भीती वाटत होती. त्याबद्दल ती अजूनही म्हणते की तिथं मी कमी पडले.

पुढच्या जुलैत तीन दिवस पावसानं झोडपलं. तिसऱ्या दिवशी सकाळी ती आली तेव्हा दुसऱ्या आणि तिसऱ्या टाकीमधली भिंत पाण्याखाली गेली होती आणि टाक्यांवरून राखाडी पाणी उतारावर चाललं होतं. ओहोळाला पूर होता, त्यात ते कुठं मिसळतंय ते कळतही नव्हतं. कोणी बघितलं नसतं.

ती लाडांकडे गेली. त्या दिवशी बोगद्यात अस्तराचं मोठं काम होतं, मध्ये थांबलं तर जोड राहतो आणि तो जोड पुढं गळतो. लाडांनी तिला हे समजावून सांगितलं. पुरात एवढं पाणी वाहतंय, त्यात आपलं काय कळणार आहे, असंही म्हणाले. तस्लीमनं तोवर फळ्यावरची सूचना लिहून आणली होती: पाणी बाहेर गेल्यामुळं कलम चारप्रमाणं प्लांट बंद.

"तुमची सही हवी," ती म्हणाली.

"नाही केली तर?"

"मग माझ्या एकटीच्या सहीनं लावते. आणि तुम्ही नाही म्हणालात, तेही खाली लिहिते."

लाडांनी बेलापूरला तीन फोन केले. पहिल्या दोन ठिकाणी कोणी हो किंवा नाही म्हणेना. तिसऱ्या फोनवर ते संचालक होते. ते म्हणाले, लिहिलंय तसं करा. बोगद्यात हाती घेतलेला टप्पा आधीच आखलेल्या जोडाशी आणून थांबवायला एक तास लागला. मग लाडांनी स्वतः जाऊन कळ बंद केली. एरवी दिवसभर घरघरणारी जागा इतकी शांत झाली की गाड्यांचे चालक केबिनमधून उतरून बघायला लागले.

टाक्या उपसून त्यांच्या भिंती दोन फूट वर घ्यायला चार दिवस लागले. ते काम बाहेरच्या ठेकेदाराच्या माणसांनी केलं.

पाचव्या दिवशी प्लांट सुरू झाला. दुपारच्या सुट्टीत पोशा प्रयोगशाळेत आला. एरवी तो दारातून बोलायचा, त्या दिवशी आत आला.

"म्याडम, पानी तुमी वाचिवलं, ते बरं क्येलं," तो म्हणाला. "पन चार दिस आमी बारा जनं घरी बसलो. दुसरीकडं लावनीचं काम बी तवा संपल्यालं. ह्ये तुमच्या कागदात लिवलंय का कुटं?"

तस्लीमनं सातही कलमं मनातल्या मनात वाचली. कुठंच लिहिलेलं नव्हतं. ते लिहिताना तिच्या डोक्यात वाडीतल्या बाया होत्या. त्याच घरांतले पुरुष प्लांट बंद पडला की बसून राहतील, हे ध्यानातच आलं नव्हतं.

"नाही लिहिलं," ती म्हणाली. "राहिलं ते."

"मंग लिवा," पोशा म्हणाला आणि कामावर गेला.

पाण्याच्या दोन ओळींना अकरा महिने लागले होते. ही एक ओळ त्याहून जड गेली, कारण रोजंदारीवरची माणसं कागदोपत्री कंपनीची नव्हतीच, मजूर पुरवणाऱ्या ठेकेदाराची होती. पर्यावरण धोरणात मजुरीचा विषय येतोच कसा, असं समितीतल्या बहुतेकांना वाटत होतं. तस्लीम प्रत्येक बैठकीत एकच मुद्दा मांडत राहिली. प्लांट बंद झाल्याची झळ खालच्या वाडीला बसणार असेल, तर पुढच्या वेळी पाणी बाहेर गेलेलं वाडीच लपवील, मग तुम्हाला सांगणार कोण? हे संचालकांना पटलं, की सततचा विषय संपावा म्हणून त्यांनी मान्य केलं, ते सांगता येत नाही. २०२५ च्या फेब्रुवारीत आठवं कलम आलं. बंदच्या दिवसांत कोणाचीही हजेरी तुटणार नाही, टाक्या उपसण्याचं आणि डागडुजीचं काम त्याच माणसांना मिळेल. मागच्या चार दिवसांचं मात्र काही झालं नाही. तिनं ते पोशाला जाऊन सांगितलं. तो म्हणाला, मला वाटलंच होतं.

त्या उन्हाळ्यात डवऱ्यातलं पाणी तपासलं तेव्हा पट्टी हिरवट निघाली, चांगल्या पाण्याच्या घराशेजारी. तरी वाडीतल्या बाया प्यायला तेच पाणी घेत नाहीत, अजून झऱ्यावर जातात. गुरं मात्र परत पात्रात उतरतात. दगडांवरची खपली तशीच आहे, ती जायला किती वर्षं लागतील हे तस्लीमलाही माहीत नाही. मुठे चराच्या वरच्या अंगाला दिसतात, खालच्या अंगाला अजून नाहीत.

आवडी तिच्याशी बोलते, पण कामापुरतंच. तस्लीम दर महिन्याला बाटल्या घेऊन खाली जाते. आवडी सोबत फिरते, आकडा विचारते आणि आपल्या मुलीला वहीत लिहायला लावते. तस्लीमनं एकदा बेकरीतली नानकटाई नेली होती. आवडीनं ती सगळ्या पोरांना वाटली, स्वतः घेतली नाही. तस्लीमनं हे घरी सांगितलं तेव्हा सासू अमिरुन्निसा म्हणाली, "तिनं का घ्यावी गं? तू जात राहा, म्हणजे झालं."

कंपनीनं तिला बेलापूरला पर्यावरण विभागात कायमची जागा देऊ केली होती. तिनं ती घेतली नाही. कर्जत-खालापुरातले तीन प्लांट तिच्याकडे सोपवले, तिला तेवढे पुरेसे वाटतात. क्यूब फोडायला आता सुनंदा नावाची मुलगी आली आहे. तस्लीमला त्या कामाची आठवण येते. क्यूब फुटला की फुटला, त्यात वाद नसतो, असं ती म्हणते.

लाडांची बदली गेल्या पावसाळ्यात विदर्भात झाली. जाताना त्यांनी प्लांटवर सगळ्यांना जेवण दिलं आणि भाषणात तस्लीमचं नाव घेतलं नाही. दिवाळीनंतर एका दुपारी त्यांचा फोन आला. नव्या प्लांटचं आवार आखणं चाललंय, तीन टाक्यांची मापं पाठवा, म्हणाले. तस्लीमनं विचारलं, दिवसाला गाड्या किती धुवायच्या आहेत? त्यांना नक्की माहीत नव्हतं. ते आधी मोजा, मग टाक्यांची मापं काढू, असं सांगून तिनं फोन ठेवला. संध्याकाळी त्यांचा आकडा आला. दुसऱ्या दिवशी तिनं नकाशा काढून पाठवला आणि टाक्यांच्या भिंती आधीच दोन फूट जास्त उंच धरल्या.